बापू मास्तराच्या यंत्राचा कौल

कॉम्प्युटरचं कौतुक तुम्ही मला सांगू नका. आचऱ्याला आमच्या बापू मास्तराने तो साठ सालाच्या आसपासच केला होता, टेलिफोनच्या भंगारातले रिले आणि टॉर्चचे बल्ब जोडून. साऱ्या जगाची यंत्रं म्हणे शून्य आणि एक, एवढ्या दोनच खुणांवर चालतात. पण जगासारखा वागेल तो बापू कसला? त्याच्या यंत्राला तीन खुणा. उजवा दिवा लागला तर एक, डावा लागला तर उणे एक, आणि दोन्ही विझलेलेच राहिले तर शून्य.

हे तो मला समजावत होता आणि त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेण्यात तिचा जन्म गेलेला. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, कुठलीच पडली नाही तर थांबा. तिला यंत्र माझ्याआधी कळलं!

लग्नाचा विषय निघाला की बापू कित्येक वर्षं नुसतं "बघूया" म्हणायचा. म्हातारीने डोक्यावर पदर घेतला, यंत्रापुढे हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाचा लगीन औंदा होतला काय?"

नेमकी तेव्हाच बापूने मला दाखवायला शून्यात एक मिळवायची कळ दाबली. उजवा दिवा लख्ख पेटला.

"गे आये, तो होकार नाय!" बापू ओरडला. "तो एक आसा, एक!"

"मगे?" म्हातारी म्हणाली. "मी तरी दोन सुनो खंय मागतंय?"