बिननावाचा नंबर

— नाही, चहा सांगणार नाही. चहा कामाच्या माणसाला. सहा आठवडे झाले, साहेब! इंटरनेट तुमची कंपनी देते, सर्व्हरचे आयपी नंबरही तुमचेच — मान्य. पण आमच्या मेल-सर्व्हरच्या नंबरावरून उलटं नाव शोधायला गेलं की कुणाचंच नाव निघत नाही! तो रिव्हर्स डीएनएस आमच्याकडे सोपवा, डेलिगेशन करून द्या, नावं आम्ही लावतो — एवढंच मागितलं ना? राज्य मागितलं का? मी झोपेत करीन असलं काम. आणि तुम्ही? फॉर्म पाठवला, ढिम्म. आठवण केली, ढिम्म. फोन केला की म्हणे, उत्तर मेलवर दिलंय! पालथ्या घड्यावर पाणी.

इथे रक्ताचे रिपोर्ट निघतात, कळतंय का? ते मेलने जातात आणि हॉस्पिटलांचे सर्व्हर दारातूनच परत पाठवतात — नंबराला नाव नाही, म्हणजे भामटा असणार. बरोबरच आहे त्यांचं! मीही तेच करतो. बिननावाच्या नंबरावरून आलेलं पत्र माझा सर्व्हर आत घेत नाही. नियम मी स्वतः लिहिलाय. शिस्त म्हणतात याला.

त्या पलीकडे खोकं भरतायत ना — हळू बोला — त्या बाई तुमच्याशी पत्रव्यवहार बघायच्या. अकरा वर्षं नोकरी, आज शेवटचा दिवस. मालकांनी विचारलं, काम कुठे अडलं? मी सांगितलं, बाई पाठपुरावा करत नाहीत. खापर कुणावर तरी फुटणारच होतं की! परवा मला म्हणतात, ‘साहेब, त्यांची उत्तरं आपल्याच सर्व्हरवर अडत नसतील ना? एकदा बघता का?’ मला शिकवतात! म्हटलं, बाई, तुम्ही टाइप करा, डोकं आम्ही चालवतो.

काय? खरंच उत्तरं दिलीत? चोराच्या उलट्या बोंबा! दाखवा — आणा तो मोबाईल इकडे. तीन तारीख. अकरा. एकोणीस. ‘फॉर्मवर दुसऱ्या नेम-सर्व्हरचं नाव राहिलं आहे, कळवा, त्याच दिवशी करून देतो’ — हं, लिहायला काय, कुणीही लिहील. थांबा, आलेल्या मेलची नोंद, सर्व्हरचा लॉगच उघडतो, इथेच तोंडावर पाडतो तुम्हाला. तीन तारीख... तीन...

नाकारलं. ‘पाठवणाऱ्याच्या नंबराला नाव नाही.’ अकरा — नाकारलं. एकोणीस —

अहो, इंटरनेटचा धंदा करता आणि स्वतःच्या मेल-सर्व्हरला नाव लावत नाही? लाज नाही वाटत? — असे काय बघताय माझ्याकडे? फॉर्म मी भरला होता, हो, मग? एक रकाना राहतो माणसाकडून! आणि हे आता मालकांना सांगून काय होणार? बाईंच्या जागी माणूससुद्धा ठरलाय. मलाही घर आहे, साहेब.

अं? नाही हो बाई, काही सापडलं नाही. हे आपले असेच आलेत. खोकं जड असेल तर शिपायाला घ्या बरोबर. हो, हो — या तुम्ही.

तुम्ही कुठे उठलात? आपलं बोलणं झालेलं नाही अजून. ओ — बाईंना हाक कशाला मारताय? ओ साहेब —