किल्ली देवापुढं, रेडिओ अंगणात

"हॅलो? … हॅलो! … व्हय, सांगली. … व्हय बाबा, गुळाच्या अडतीवरनंच बोलतीया. जोडा कराड. … हॅलो? कोन, हंबीर? … अरं, अक्का बोलतीया! … जोतीराम न्हाई, मिरजंला गेलाय, सामान आनाय. मलाच सांग."

चंद्राबाईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता, दुधानं भरलेली चरवी धरावी तसा. जोतीरामच्या मोटारदुरुस्तीच्या छपराला फोन कुठला असायला! तो होता शेजारच्या अडतीवर. 'कराडचा ट्रंक कॉल' अशी शेटजींनी हाळी दिली की अर्धी पेठ कान टवकारून बसायची. दिवेलागणीला सख्ख्या धाकट्या भावाचा फोन आला म्हणून बाई हरखली होती. ते हरखणं काही फार टिकलं नाही.

"हळू बोल की, तार तुटंल. … काय जळली? मोटार? … मग बंद पडली म्हन की! जळली म्हनतोस, मला वाटलं आगच लागली. … कवा? … ऐन दसऱ्याला? सोनं लुटाय जाताना? … मग गेलासा कसं? … बैलं? … मोटारीला बैलं जुंपली?"

तिनं चटकन पदर तोंडाला लावला. हंबीरराव म्हणजे गावचा मानकरी. डोक्याला जरीचा पटका, बुडाखाली मोटार आणि मोटारीपुढं घरचीच खिलार जोडी! सगळं गाव सोनं लुटायचं सोडून हेच बघत उभं राहिलं असणार.

"न्हाई रं, हसत न्हाई. खोकला हाय. … कुनामुळं? … माझ्या जोतीरामामुळं? … त्येच्या रेडिओनं बॅटरी खाल्ली? … हंबीर, तोंड सांभाळून बोल."

लढाई संपेपर्यंत पलटणीच्या गाड्या दुरुस्त करून जोतीराम घरी आला होता. नागपंचमीला त्यानं मामाच्या मोटारीत रेडिओ बसवला, तेव्हा मामा खूश होऊन म्हणाला होता, ह्यो असाच बिनबोभाट वाजत राहिला तर आमची रंगू तुमच्या घरात दिली. म्हणाला होता थट्टेत, पण चंद्राबाईनं ते मनात पक्कं धरून ठेवलं होतं. तिला सून हवी होती ती भावाचीच लेक.

"काय म्हनलास? … रंगूला फलटनचं स्थळ? … उद्याच येनार बघाया? … अरं, एका बॅटरीपायी सोयरीक मोडतोस व्हय? … थांब. आधी सांग, मोटार कुठं हाय? … दारातच? … बॅटरी लॉरीवाल्याची लावली, बरं. मग रेडिओ वाजतुया? … आत्ता वाजतुया? … आनि किल्ली? … मोटारीची किल्ली रं! … तुझ्या खिशात?"

चंद्राबाई ताठ झाली.

"किल्ली खिशात आनि रेडिओ वाजतुया! मग ते काम माझ्या लेकाचं न्हवंच. … अरं ऐक… ऐक की! त्येनं बसीवला तवा मी तितंच हुते. दिवसभर उतानं पडून त्यो एकच वायर हुडकत हुता. किल्ली फिरीवली की जागी हुनारी, काढली की झोपनारी. बल्बाला दोन तारा लावल्या, एक मोटारीच्या लोखंडाला टेकीवली आनि दुसरी एकेका स्क्रूला लावत बसला. … किल्ली नसतानाबी ज्या स्क्रूवर बल्ब सदा जळतुया, त्यो घ्यायचाच न्हाई. म्हनायचा, आई, धनी किल्ली घिऊन गेला की रेडिओनं जेवायचं थांबीवलं पायजे, न्हाईतर सगळी बॅटरी खाऊन बसंल. … बोलीव तुझ्या ड्रायव्हरला. नानासोला म्हनाव स्टेअरिंगच्या फळीखाली डोकं घाल. किल्लीच्या मागं बघ. तांबडा दोरा गुंडाळलेला स्क्रू हाय का? … हाय न्हवं? माझ्या लुगड्याच्या काठाचा दोरा हाय त्यो, जोतीरामाची खूण. … आनि त्येला वायर? … न्हाई? … मग कुठं हाय? … शेजारच्या सदा जळत्याला! बघ, हंबीर. कुनीतरी हलीवली!"

तिची मान अशी काही वर झाली की शेटजींनी हातातला तराजू खाली ठेवला. माझ्या लेकाचं काम म्हणजे काम! तिला वाटलं, हे सगळ्या पेठेनं ऐकलं ते फार बरं झालं.

"नानासोनं न्हाई? … शपथ घेतोय? … काय म्हनतोय? तितंबी दोरा हाय? … निळा? … गाठ कसली हाय, नीट बघाय लाव. … दोन येढं… मधनं फास… शेपूट आत दडीवलेलं…"

चंद्राबाईनं गाठ ओळखली. ती वाकळ शिवतानाची गाठ होती. धुण्यात टाका उसवू नये म्हणून तिची आई तशी गाठ मारायची, आणि तिनं ती गेल्या उन्हाळ्यात भाचीला शिकवली होती. हंबीररावाच्या घरात दुसऱ्या कुणाच्या बोटांना ती येत नव्हती.

"हंबीर, रंगू हाय का संगं? … मोटारीत बसलीया? … दे तिला फोन. … आनि तू भाईर हो. … हो म्हनते न्हवं, थोरली हाय मी!

"हॅलो? रंगू? … रडू नगंस. … व्हय, व्हय… अगं ऐक की… आत्या हाय मी, तुझा बा न्हवं. … खंडेनवमीला? … मोटारीची पूजा झाली… किल्ली देवापुढं… खरं हाय, पूजेतली किल्ली उचलायची कशी! … आनि समद्या आळीच्या बाया रेडिओ ऐकाय अंगनात. … आईबी म्हनाली लाव? … म्हनून हलीवलीस. … बल्बानं हुडकलास? किल्ली नसताना जळनारा स्क्रू? … कुनी शिकीवलं? … बघून? … म्हंजे नागपंचमीला समद्या पोरी झोक्यावर, आनि तू त्येच्याकडं बघत… बरं बरं, वायरीकडं बघत! … मग राती बंद का न्हाई केलास? … आवाज बारीक केलास? … अगं माझी बाय, आवाज बारीक केला म्हनून त्येचं जेवान थांबतंय व्हय!

"कोन, एक्सचेंज? … कॉलची येळ झाली? … शेटजी, वाढवायचा का? … वाढवा म्हनत्यात. … रंगू, ऐक. ती वायर हुती तितं परत लाव. … नानासो न्हाई, तूच. … बा बघंल तर बघू दे. त्येच्या हातात फोन दे आनि जा."

फोनमधून लांबवर कुणीतरी बाई गाताना ऐकू येत होती. मधेच ते गाणं तुटलं. चंद्राबाईनं रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. पोरीचा हात चुकला, वायर भलत्याच ठिकाणी लागली, तर फलटणकर उद्या येणारच होते.

"हंबीर, बोलू नगंस. नुस्तं बघ. … निघाली का फळीखालनं? … तिच्या हातात किल्ली दे. … दे रं! … फिरीवली? … थांब की, रेडिओ तापाय येळ लागतुया…"

आणि गाणं आलं. चंद्राबाईनं डोळे मिटून घेतले.

"आता काढाय लाव. … गप? … पुन्यांदा फिरीव म्हनाव. … वाजतुया. … काढली की गप. … आता बोल, हंबीर. … बोल की! … लाज काढली? अरं, मोटारी लय जनांकडं हायत. मोटारीची वायर कळनारी लेक कुनाकडं हाय? … व्हय, तुझीच हाय. मग मान खाली कशापायी घालतोस? … मला लय अभिमान वाटतुया तिचा, खरं सांगते. … फलटनकरांस्नी काय सांगायचं? सांग, मोटार नादुरुस्त हाय, येऊ नगासा. … काय म्हनलास? … पुन्यांदा म्हन. … मोठ्यानं म्हन, शेटजींस्नीबी ऐकू दे."

तिनं रिसीव्हर शेटजींच्या कानाला लावला. शेटजींनी ऐकलं आणि मान डोलावली. तिनं तो परत आपल्या कानाला लावेपर्यंत कराड तुटलं होतं.

"हॅलो? … हॅलो? … ऱ्हाऊ दे, म्हनायचं ते म्हनून झालंय."

तिनं फोन हलक्या हातानं जागेवर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

"शेटजी, गुळाचा खडा काढा. … मला कशाला, तुमी तोंड गोड करा! … जोतीरामाला? आला की सांगा, तुझ्या कामात चूक न्हवती. आनि म्हनाव, बल्ब धरनारी घरात येतीया."