सगळ्या गावांच्या पानांवर एकच मजकूर

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, मनस्विनी! बोल गो. मृणालीच बोलत्ये… अगो, ओरडू नको, ऐकू येतंय मला. पुण्याच्या ऑफिसात बसून एवढी ओरडलीस तर रत्नागिरीला फोनाची गरजच राहायची नाही.

हो… हो, बघितलं… सकाळीच बघितलं. नेटवर आपला 'रत्नागिरी कट्टा' उघडला आणि पहिल्याच पानावर काय, तर पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या! त्याखाली जुगार. त्याखाली ती कोण बाई, नवरा मेला, मागे लाखो डॉलर ठेवलेन, तुमचा खातेनंबर कळवा… हसू नको मेले. आपले पावसचे हरिहरनाना रोज पूजा आटोपून कट्टा वाचायला बसतात. त्यांचा फोन आला मला, "मृणाली, ह्या गोळ्या कलमांना घालायच्या की माणसांनी घ्यायच्या?" काय सांगू मी त्यांना?

अगो ऐक ना… ऐक माझं… लोक सोडून चाललेत ते मला पण दिसतंय. म्हणून काय मी हातावर हात ठेवून बसल्ये? सकाळपासून हेच चाललंय. कुकर लावायचा राहिलाय. पुसलं, की चहा पिऊन येईस्तोवर परत तेवढंच… धुतलेल्या अंगणात कोंबड्या याव्यात तसं.

नाही… नाही गो, एकेक वाचत बसले असते तर आज संपलंच नसतं. शेवटी घाऊक पुसलं. तूच म्हणाली होतीस ना, तोच तो मजकूर दोन-चार पानांवर दिसला की तो कचराच. तेच केलं. वाचायचा नाही, पुसायचा. आणि टाकणाऱ्याला कायमची बंदी… हो, आता स्वच्छ आहे. बघ तू उघडून.

थांब हं जरा… (काकी, घ्या ना चहा, निवतोय तो. नाही हो, पुण्याची मैत्रीण. कट्टा चालवते ती… नाही, हर्षदचं काही नाही.)

हां, बोल… अगो, मालनकाकी आल्यायत. मिऱ्या गावच्या. हर्षद नाही का, जहाजावर असतो, त्याची आई. त्यांना कुठलं आलंय कॉम्प्युटर! हर्षदनं मिऱ्याच्या पानावर काही लिहिलंन की मी फोन करून वाचून दाखवायची. आता त्यांचा फोन बंद पडलाय तो बंदच आहे, लाइनमन फिरकत नाही. म्हणून रिक्षा करून स्वतः येतात… हळूच बोलत्ये. त्या बाहेरच्या खोलीत आहेत.

काहीच नाही ना गो! तेच तर. बंदर लागलं की पोरं ओळ टाकतातच. 'पोचलो, बरा आहे, काळजी नको.' एखाद्यालाच उतरायला मिळतं, तो सगळ्यांची खुशाली टाकून जातो. ह्या खेपेस कुणाचीच नाही. आणि परवा कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून कुणीतरी सांगितलंन, इंजिनरूममध्ये आग लागली होती, पण सगळं ठीक आहे. पोरांची नावं विचारली तर फोनच ठेवलान… हो ना. ठीक आहे म्हणजे काय ठीक आहे? तेव्हापासून काकींच्या घशाखाली घास नाही. आत्ता पण आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. नाही काही आज, म्हटलं मी. कसं म्हटलं माझं मला ठाऊक.

बरं, पुढचं बोल. तू काय ठरवलंस?… परदेशातून नवीन नाव आलं की दारातच अडवायचं?… नको गो, तेवढं नको. पोरं पासवर्ड विसरतात. दर बंदराला नवीन नाव घेऊन उगवतात. त्यांना कुठं अडवतेस?

कुठला?… अर्जंट अर्जंट?… हां, तो! तो पुसला मी. सगळाच्या सगळा इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आत काहीतरी हॉस्पिटल. आफ्रिकेतून आलेला. ती नवरा मेलेली बाई पण आफ्रिकेतलीच होती. तिचीच बहीण असणार म्हटलं… नाही, आतलं नाही वाचलं. हॉस्पिटल आलं की खाली पैसे मागतात, ठरलेलं असतं मेल्यांचं.

तुला कसा दिसला पण? मी तर पुसला… हां, कट्ट्यावर पडेल त्याची मेल येते काय तुला. बरं… मग? किती पानांवर होता?… कुठल्या कुठल्या?… मिऱ्या… काळबादेवी… वरवडे… जयगड… पूर्णगड. आणि?… आणि पाककृतीच्या पानावर?… नाही? आंब्याच्या?… लग्न जमवायच्या?… नीट बघ गो. एकावर पण नाही?

मनू… गोळ्यावाले सगळीकडे टाकतात. सोलकढीच्या पानावर सुद्धा टाकलंनी सकाळी. त्यांना काय ठाऊक, मिऱ्या कुठं नि काळबादेवी कुठं! हा नेमका समुद्राकाठच्याच गावांना कसा गेला? आणि त्यातल्या पण ज्यांची पोरं जहाजावर आहेत त्याच गावांना?

अगो, पोरांनी टाकलेला आहे तो!… हो! तशीच येते त्यांची खुशाली! जो उतरतो तो एकदा लिहितो नि प्रत्येकाच्या गावच्या पानावर तेच चिकटवतो. कायमचं आहे ते, मला काय आज कळलं? आणि मीच म्हणत्ये, सारखा दिसला की पुसायचा… देवा रे. माझ्या हाताला काय झालं होतं गो?

परत आणता येतो का?… नाही?… अगो, मी नेट लावू कसं, तुझ्याशी बोलत्ये ना! फोनाला नि नेटला एकच लाइन आहे माझी. तुझ्याकडे मेल आहे ना? ती उघड… साहेब आला तर येऊ दे! उघड म्हणत्ये ना!

(काही नाही काकी. बसा तुम्ही. हे आमचं आपलं कट्ट्याचंच.)

उघडली?… वाच. हळू वाच… इंग्रजी अक्षरांत मराठीच असणार ते, लावून लावून वाच… "मी दादू"… दादू! वरवड्याचा दादू, हर्षदबरोबरच आहे तो. पुढं… "पासवर्ड विसरलो, म्हणून नवीन नाव"… ते सोड, पुढं!… "आगीत हर्षदचा हात भाजला"… किती?… किती ते नाही लिहिलंन? "बाकी सगळे बरे"… "त्याला डर्बनला हॉस्पिटलात ठेवलंय"… बोलतोय ना तो? शुद्धीत आहे?… आहे. बरं. बरं… थांब, मला बसू दे.

हां, वाच… "आज ऑपरेशन. त्याआधी एक फोन करू देणार आहेत"… कुणाला?… परत वाच… "आईचा फोन लागत नाही. म्हणून मृणालीवहिनींच्या घरी करील. साडेतीन ते चार, आपल्या तिकडच्या वेळेनं. जो कुणी हे वाचील त्यानं मालनकाकींना तिथं नेऊन बसवा."

जो कुणी वाचील… म्हणून सगळ्या गावांना टाकलंन गो त्यानं. ह्यानं नाही तर त्यानं, कुणीतरी वाचील. आणि मी एका फटक्यात सगळ्या गावांचं पुसलं. वर बंदी घातली पोराला.

किती वाजले तुझ्याकडे?… अगो, पावणेचार होऊन गेले! केव्हाच्या बोलतोय आपण! तो तिकडे लावत असेल नि लाइन आपल्याच बोलण्यात अडकल्ये…

काय सांगू म्हणतेस? निरोप आत्ताच आला म्हणून?… हो. तसंच सांगत्ये. खरं सांगायला तोंड नाही मला. सकाळपासून निरोप घरात होता आणि मी काकींना चहा पाजत्ये…

मनू… काकी दारात उभ्या आहेत.

ठाऊक नाही केव्हापासून… ऐकलंय. सगळं ऐकलंय त्यांनी. तोंडावर दिसतंय… नाही, रडत नाहीत.

(काकी, अहो, मी वाचलाच नाही तो… हात भाजलाय फक्त, बोलतोय तो, शुद्धीत आहे… माझं चुकलं हो काकी, मला…)

हं?… नाही गो, तुला नाही. काकी बोलल्या.

मागाहून रड म्हणतायत. आधी फोन ठेव.