गळक्या घरासमोर उभी कॅरव्हॅन

लिहून घ्या, आम्ही मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात माझ्या वडिलांचा बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता, कारखाना कसला, पत्र्याची एक मोठी शेड, आणि तिच्यात दोन चासी उभ्या राहिल्या की माणसाला अंग चोरून चालायला लागायचं. मी अभ्यासातली मुलगी, कमी बोलणारी, घरात माणसं फार म्हणून शाळेतून आले की पुस्तक घेऊन एखाद्या अर्धवट बसमध्ये जाऊन बसायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बस पुरी झाली की दादा दोन्ही बाजूंनी पाइप लावून तिच्यावर पाणी सोडायचे, दारं-खिडक्या बंद, आणि आत मला बसवायचे खडू देऊन. जिथून पाणी आत येईल तिथं खूण करायची. बाहेर धबधबा आणि आत मी एकटी, मांडीवर पुस्तक, मध्येच उठून खूण करायची आणि परत वाचायला लागायची. दादा म्हणायचे पत्रा गळत नाही वासंती, सांधा गळतो, रंग बघू नकोस, सांधा बघ. गिऱ्हाईक रंग बघायचं. दादा गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, रंग शेवटच्या दिवशी मारतात, त्याला काय भुलता.

पुढं मी पुण्याला बी.फार्म. केलं, सुधीरशी लग्न झालं, तो इलेक्ट्रिकल इंजिनियर, आणि अमेय बारा-तेरा वर्षांचा असताना आम्ही ऑकलंडला आलो. इथं येऊन मी परत परीक्षा दिल्या, परत उमेदवारी केली, चाळिशीत. त्याचं मला काही वाटलं नाही. आलो होतो आपल्या मर्जीनं.

मग घर घेतलं. हेच, समोरचं, आता ताडपत्रीत गुंडाळलेलं दिसतंय ते. ऑकलंडच्या ह्या टोकाला, बॉटनी डाउन्सला, तेव्हा नवी घरं भराभर उठत होती. दारात दोन गोल खांब, गुळगुळीत क्रीम भिंती, सपाट छप्पर, एजंटबाई म्हणाली मेडिटरेनियन स्टाइल आहे. सुधीरनं खिशातून होकायंत्र काढलं. हो, खरंच, त्याच्या आईनं फोनवर बजावलं होतं. दार पूर्वेला निघालं, स्वयंपाकघर आग्नेयेला, तो एवढा खूश झाला की त्यानं गाडीतूनच पुण्याला फोन लावला. आणि छपराला वळचण नव्हती. भिंतीच्या वर छप्पर जिथं संपतं तिथंच ते संपत होतं, पावसानं भिंतीवरून सरळ खाली यायचं, आणि भिंत म्हणजे थर्माकोलवर प्लास्टर, आत कच्चं लाकूड, कसलं औषध न लावलेलं. एक इंजिनियर आणि एक फार्मासिस्ट, दोघांनी मिळून सगळ्या दिशा तपासल्या, पाऊस कुठल्या दिशेनं येतो तेवढं कुणी विचारलं नाही. पण काय सांगू तुम्हाला, आम्ही नाही विचारलं ते एक वेळ ठीक, आम्ही गिऱ्हाईक. ज्यांनी बांधलं त्यांना ठाऊक नव्हतं? ज्यांनी तपासून शिक्का मारला त्यांना ठाऊक नव्हतं? एवढी पावसाची जागा ही.

चौथ्या-पाचव्या हिवाळ्यात वास यायला लागला. मग कपाटामागं, सुधीरच्या सुटांच्या मागं, भिंतीला अळंब्या उगवल्या. इथं हजारोंची घरं अशी निघाली, पेपरात रोज यायचं, त्यामुळं लोक म्हणायचे तुम्ही एकट्या नाही आहात, जसं काही त्यानं भिंत वाळणार होती. बिल्डरची कंपनी बंद झाली होती, तोच माणूस दुसऱ्या नावानं दुसरीकडं घरं बांधत होता. सुधीर पत्रं लिहायचा. ऑफिसातून आला की जेवण बाजूला आणि पत्र. त्याचं बोलणं कमी झालं, मग हसणं गेलं, आणि गेल्या हिवाळ्यात चहाचं पाणी उकळायची वाट बघता बघता तो ओट्यापाशी खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते घर.

भेटायला लोक आले. सगळे म्हणाले देवाची इच्छा. मला लोकांसमोर बोलता येत नाही, पण मनात म्हणायची देवाला कशाला मध्ये आणता, देवानं काय थर्माकोल लावला होता?

अमेय लोअर हट गावात असतो, बायको आणि लेक, ट्रेननं वेलिंग्टनला कामाला जातो. तो म्हणाला आई, आता नवा बिल्डर सगळी कातडी उतरवून घर परत बांधणार, कितीक महिने जातील, तू नोकरी सोड आणि आमच्याकडं ये. स्पेअर रूम आहे. स्पेअर रूममध्ये त्यांचं पळायचं मशीन आहे, त्याच्या शेजारी माझा पलंग. मी सत्तावन्न वर्षांची. नोकरी सोडली तर मला परत कोण ठेवणार आहे, आणि नोकरी गेली की मी नातीची आजी आणि मशीनची शेजारीण, एवढंच. पण तेही बाजूला ठेवा. मला इथंच राहायचं होतं. पहिल्यांदा हे घर बांधलं तेव्हा समोर बसून बघणारं कुणी नव्हतं. आता मी बघणार. एकेक लाकूड बघणार, त्याला औषध लावलंय की नाही ते बघणार, आणि त्यासाठी मला घरासमोर ड्राइव्हवेवर उभी राहील अशी एक कॅरव्हॅन पाहिजे होती. पलंग, शेगडी, एक दिवा. आणि कोरडी. बाकी काही नको.

काही नको म्हणणाऱ्या माणसाला इथं कुणी काही विकत नाही.

अमेय सुट्टी काढून आला आणि आम्ही एका मोठ्या शोरूमला गेलो. तिथला पोरगा तरतरीत, केसाला जेल. त्यानं अमेयशी हात मिळवला, हाउज इट गोइंग मेट, आणि माझ्याकडं बघून नुसता हसला. मग सगळं अमेयला दाखवत सुटला. टीव्ही, दुसरा टीव्ही, मायक्रोवेव्ह, शॉवर, चामड्याची सीट, ग्लासं ठेवायला निळा दिवा लागणारं कपाट. मी विचारलं सांगाडा कशाचा आहे. तो अमेयला म्हणाला आईंना हा वाइन रॅक आवडेल. मी परत विचारलं, छप्पर एकसंध आहे का तुकड्यांचं, सांधे कुठं येतात. तो म्हणाला हीप्स ऑफ स्टोरेज. मग मी म्हणाले पाइप आणा, वरून पाणी सोडा, मी आत बसते. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला असं करायची पद्धत नाही. आणि आमचा अमेय, मला म्हणतो कसा, आई, टीव्ही असू दे ना, तुला बरं वाटेल. मी म्हटलं मला बरं वाटायला नकोय, मला कोरडं राहायचंय.

मग विनायकराव. आमच्या मराठी मंडळातले, सुधीरचे पत्ते खेळायचे मित्र. त्यांचा फोन आला की वहिनी, बाहेर कशाला फिरता, आमची कॅरव्हॅन आम्हाला काढायचीच आहे, आपल्या माणसाकडं जाईल तर बरंच. मला खरंच बरं वाटलं. शनिवारी गेलो तर त्यांच्या बायकोनं, शीलावहिनींनी दारात रांगोळी काढलेली, तबक तयार, नारळ तयार, कॅरव्हॅनच्या पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालेलं. मी अजून आत पाय ठेवला नव्हता. शीलावहिनी म्हणाल्या तसं वर्षाच्या आत वाहन घेऊ नये, पण जुनं आहे ना, जुन्याला चालतं. मग मी पुढं झाले तर माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या वासंती, ओवाळते मी, तू जरा मागं राहा, समजून घे.

समजले मी. तीस वर्षं औषधं मोजून दिली, ह्याच शीलावहिनींच्या शुगरच्या गोळ्या माझ्या हातून जातात, ते हात चालतात. तबकाला माझे हात चालत नाहीत. मी अमेयकडं बघितलं. तो फोनमध्ये बघत होता.

मी मागं राहिले नाही. त्या ओवाळत होत्या तेव्हा मी सरळ आत गेले. आत कापूर जाळलेला, उदबत्त्या लावलेल्या, गालिचा, नवे पडदे, भिंतीवर टीव्ही. क्षणभर देवळात आल्यासारखं वाटलं. मग त्या कापराच्या खालून दुसरा वास आला. तो वास मी ओळखते, त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं झोपले मी. पलंगाची गादी उचलली, कोपऱ्यात हात घातला, आणि बोट प्लायवूडमध्ये असं शिरलं, ओल्या पावात शिरावं तसं. मी बाहेर आले आणि म्हणाले विनायकराव, पाइप असेल तर वरून पाणी सोडा, मी आत बसते. ते हसले, म्हणाले वहिनी, घरच्या माणसाची अशी परीक्षा घेतात का. मी बोट दाखवलं, त्यावर लाकडाचा काळा भुगा होता. ते म्हणाले ते होय, थोडी ओल आहे, हीटर लावला की जाते. शीलावहिनी म्हणाल्या अगं, टीव्ही नवा आहे.

ते लबाड होते असं मी म्हणत नाही. लबाड असते तर मला एवढा राग आला नसता. त्यांनी गादी उचलून कधी बघितलंच नव्हतं, त्यांनी पडदे बदलले होते. माझ्या तोंडून निघालं, आवाज न चढवता निघालं, की ज्या घरानं माझा नवरा नेला तेच तुम्ही मला चाकांवर विकताय, आणि वर मलाच अशुभ म्हणताय. तबकातला नारळ मी उचलला आणि गाडीत बसले. त्याची संध्याकाळी सोलकढी केली. अमेयनं दोन वाट्या घेतल्या आणि खाली बघून म्हणाला, सॉरी आई, मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं हो, हवं होतं.

ही कॅरव्हॅन ते रापा नावाच्या गावातली. हॅमिल्टनजवळ, तिथं दुधाचा मोठा कारखाना आहे, त्याच्या पलीकडं एका बाईच्या आवारात उभी होती. बाई माझ्याहून मोठी, पायात जँडल, म्हणजे रबरी सपाता, हातात कुत्र्याची वाटी. कॅरव्हॅन बघून अमेयचा चेहरा पडला. फिकट हिरवा पत्रा, कुठं कुठं पोचे, आत दोन बर्नरची शेगडी, एक पलंग, एक टेबल, एक खिडकी नीट लागत नाही. बाई म्हणाली टीव्ही नाही, शॉवर नाही, संडास नाही, आधीच सांगते, मागून तक्रार नको. मी म्हटलं मला पाणी सोडून बघायचंय. ती म्हणाली स्वीट अॅज, म्हणजे खुशाल बघ, पाइप तिकडं आहे, आणि कुत्र्याला वाढायला निघून गेली.

अमेयनं पाइप धरला, मी आत दार लावून बसले. छपरावर, सांध्यांवर, चाकांच्या वर, मी आतून टकटक करेन तिथं जास्त. बराच वेळ. मी हातानं कोपरे चाचपत होते, पलंगाखाली, कपाटात, खिडकीच्या कडेला. न लागणाऱ्या खिडकीतून एक धार आली, तेवढीच. बाकी सगळं कोरडं ठणठणीत. आणि मग मी तिथं फळीवर बसून रडले, सुधीर गेल्यापासून पहिल्यांदा, कारण बाहेर पाणी कोसळत होतं आणि आत येत नव्हतं, एवढं साधं काम, कुणीतरी कधीतरी नीट केलेलं, आणि तेवढं जर त्या माणसांनी आमच्या भिंतीला केलं असतं तर आत्ता तो इथं असता, माझ्यावर हसत. अमेय बाहेरून ओरडत होता, आई, ऑल गुड? आई? मी म्हटलं अजून सोड.

आता कितीक आठवडे झाले इथं. संडास-आंघोळीला जिममध्ये जाते, कामाला जाते, परत येते. सकाळी बिल्डरची माणसं येतात, मी दारात खुर्ची टाकून बसते, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. पहिल्या दिवशी बिल्डर म्हणाला मॅडम, तुम्हाला इथं बसायची गरज नाही. मी म्हटलं तुम्हाला मी बसायची गरज आहे. गेल्या मंगळवारी त्यांनी एका कोपऱ्यात जुनं ओलं लाकूड तसंच ठेवून वर नवं आवरण ठोकायला घेतलं. मी चपला न घालताच चिखलातून गेले, त्या लाकडाला हात लावून उभी राहिले, आणि म्हटलं काढा. ठोकणाऱ्यानं फोरमनला बोलावलं. फोरमननं चाकू घातला, चाकू मुठीपर्यंत गेला. काढलं. माझ्या डोळ्यांदेखत काढलं.

अमेयचा रविवारी फोन येतो. विचारतो अजून राग आहे का. आहे. का नसावा? लोक म्हणतात सोडून द्या, मन शांत करा, शीलावहिनींनी निरोप पाठवलाय की वर्षश्राद्धाला स्वयंपाकाला येते. येऊ दे, पुरण चांगलं करतात त्या. ओवाळायला काही नसतं त्या दिवशी.

तुमचं लिहून झालं का? चहा गार झाला तुमचा, थांबा, दुसरा टाकते. नाही, बसा, पाऊस चांगलाच लागलाय, थांबल्यावर निघा. इकडं सरकून बसा, तिथं ती खिडकी आहे.