दिलीपच्या आरशावरचं कुंकू

गावकरी मंडळी, एवढ्या उन्हाचे जमले तुम्ही. उपकार तुमचे. मले बोलता येईल का, माहीत नाही. माहा धाकटा भाऊ दिलीप गेला, अन् रडू येण्याऐवजी रागच येऊन राह्यला.

आत्ता स्मारक समितीचे अध्यक्षसाहेब बोलले, "आमाले पयलेपासून मालूम होतं, दिलीप मोठा माणूस होनार." काय मालूम होतं हो? तो सुट्टीत आला का साखरखेर्ड्याच्या बाजारात तुम्हीच विचारत होते ना, "काऊन बे, अजून काचाच घासतो का?"

तरी तो समजावत बसे. तो कामाले होता तिथं आकाश पाहाची लय मोठी दुर्बीण बनून राह्यली, त्याले तेवढा आरसा अखंड बनत नाही. बनवला तं स्वतःच्याच वजनानं वाकते. म्हनून सहा कोनांचे शेकडो तुकडे करतात. वाऱ्यानं एक तुकडा जरासा हलला, का कडेचं यंत्र वळखते, अन् मागची मोटर त्याले जागेवर आनते. सगळे मिळून एकच आरसा. किती सोपं सांगे! अन् तुम्ही काय विचारलं? "माह्या पोरीच्या पत्रिकेतला मंगळ तेवढा पाहून सांग!"

तिकडं काचा जुळतात. इथं पयला हार कोन घालनार, याच्यावरून त्याच्याच फोटोसमोर भांडन झालं. लाज वाटली का कोनाले?

अन् हा आरसा. सरावासाठी त्यानं हातानं घासलेला. पोरापोरींनी दुर्बीण बनवावी म्हनून शाळेले दिला. "ताई, याले बोटसुद्धा लागू देजो नको," म्हने. हेडमास्तर, तुम्ही तो कपाटात कोंबला. आज बाहेर काढला, तं हळदकुंकू वाहिलं, कापूर लावला. काजळी धरली, तं अध्यक्षसाहेबांनी उपरन्यानं खसाखसा पुसला! ओरखडे दिसतात का तुमाले? नमस्कार करता येते तुमाले. सांभाळता येत नाही.

आता म्हनता, चौकात चबुतऱ्यावर बसवू, खाली समितीची नावं कोरू. नाही बसवायचा! हा पुन्हा घासायचा. त्याच्या काच घासाच्या पावडरी घरी आहेत, थोडं मलेही शिकवलं त्यानं. ज्या पोरींले शिकायचं, त्यांनी माह्या घरी यावं. पयले बिघडन. बिघडू द्या, त्याचेही लय बिघडले होते.

दिलीपले माहा नमस्कार. आता सगळे उठा. दोन मिनिटं डोळे मिटा, तोंडंही मिटा. तेवढ्यात मी आरसा उचलून घरी नेते. कोनी आडवं आलं, तं मी गप्प बसनार नाही.