तात्यांच्या राजाची उडी

सगळा दोष आमच्या गहिनीनाथ तात्यांचा. माझे सख्खे चुलते, म्हातारा माणूस, मान ठेवावा... कशाचा मान? मला फक्त ओपनिंग शिकायची हुती हो. बुद्धिबळातल्या सुरुवातीच्या चाली, बास. पुढचा खेळ मी रेटतो, पण सुरुवातीलाच मार खातो, आणि नगरची जिल्हा निवड तोंडावर, आणि ती चुकवून चालणार न्हाई, कारण वडील म्हणालेले, "कॉलेज सोडलंस, बरं. संघात आलास तर वर्षभर खेळ. न्हाई तर नागापूरला एमआयडीसीत, कंपनीत उभं ऱ्हायाचं."

मग तुम्हाला सांगतो, शोधत सुटलो. यूट्यूबवर एक बाबा म्हणतो सिसिलियन नावाची ओपनिंग खेळा, राज्य कराल. त्याच्याच खाली दुसरा, सिसिलियन खेळाल तर बरबाद व्हाल. आता? क्लासला गेलो, तर सर म्हणाले, "आधी मन शांत कर," आणि डोळे मिटून बसवलं. मन कसं शांत करू, निवड रविवारी! शेवटी रद्दीत एक जाडजूड पुस्तक घावलं, तर वाळवीनं पुढची पानंच खाल्लेली. मला फक्त ओपनिंग शिकायची हुती, आणि वाळवीलाही नेमकी तीच आवडली.

त्यात वडिलांनी मोबाईल काढून घेतला. "घरात चॅम्पियन बसलाय आन् तू मोबाईलला विचारतो व्हय?"

चॅम्पियन म्हणजे तात्या. कधीकाळी पारनेरच्या जत्रेत कप मारला, त्यात आता घरादाराचे ब्रश असतात. आणि तात्या खेळतात देशी. पारावरचा खेळ. प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालणार, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी माफ.

म्हटलं, "तात्या, स्पर्धेत ही उडी चालत न्हाई."

"तू बस रे. राजा कोपऱ्यात गेला की मग बघ. लई पक्की मांडनी हाय."

रोज सकाळ-संध्याकाळ तीच मांडणी, तीच उडी. दांडी मारावी तर वडील दारात उभे.

रविवारी शेवटचा डाव. जिंकलो की संघात. समोर संस्कृती नावाची शाळकरी पोरगी, गळ्यात पाण्याची बाटली. घड्याळ पळतंय, तिचा वजीर अंगावर आला... आणि हात आपोआप वळला. नियम मला माहीत हुता हो, हाताला कोण सांगणार?

पोरीनं शांतपणे पंचांना बोलावलं. "सर, या काकांचा राजा घोड्यासारखा गेला."

काका. मी एकवीसचा हाय.

पंच म्हणाले, राजाला हात लावलाय, राजाच हलवा. कॅसलिंगला, म्हणजे राजा हत्तीच्या आड न्यायला, वाट न्हाई, उंट जागचा हललेला नव्हता, कारण तात्यांच्या मांडणीत तो हलतच न्हाई. राजा नेला उघड्यावर. पोरीनं बाटलीतलं पाणी पीत पीत मात दिली.

मागं खुर्चीत तात्या. शेजारच्याला सांगतायत, "उडी बरोबर मारली हुती बरं का. पंचाला खेळ कळत न्हाई."

मला फक्त ओपनिंग शिकायची हुती.

नागापूरला पत्रा कापायच्या मशीनवर असतो आता. पहिली पाळी.