सातव्या कपाटातल्या पाककृती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष आदरणीय कमलाकरराव, व्यासपीठावर बसलेले पंचायत समितीचे साहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या ग्रंथपाल पद्मजाबाई, घाटंजीतले आणि आसपासच्या तांड्यांवरून आलेले सगळे वाचक, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी याडी, म्हणजे माझी आई, धनीबाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी ओम राठोड. शिक्षण नववी, तीही अर्धी. धंदा कुकर आणि शेगड्या दुरुस्तीचा. आज इथला बाजार, उद्या राळेगाव, परवा मुकुटबन. माझं बूड एका जागी टेकत नाही, असं घरचे म्हणतात. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि कमलाकररावांनी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे, तेही मी पाहिलं.

सात वर्षांपूर्वी पद्मजाबाईंचा कुकर वाफ धरत नव्हता. रबर ढिलं झालं होतं. बायांनो, रबर धुऊन फ्रीजमध्ये ठेवत जा, वर्षभर जास्त चालतं... ते असो. नवीन रबर बसवलं, डाळ लावली. बाई म्हणाल्या, "शिट्टी होईपर्यंत बस," आणि हातात एक कादंबरी दिली. पुण्यातल्या बँकेतली एक मुलगी, तिच्या वर बदलून आलेला एक रागीट साहेब. अहो, किती शिट्ट्या झाल्या मला कळलंच नाही! मिस्त्री समोर बसलेला आणि डाळ करपली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घेऊन जा. पण परत आणून द्यायची."

परत? मी कुठे परत जातो का? पण चौथ्या दिवशी मुकुटबनहून एसटीने आलो, पुढचा भाग न्यायला.

तेव्हापासून माझ्या पिशवीत पान्हे, शिट्ट्या आणि सातव्या कपाटातली दोन पुस्तकं असतात. सातवं कपाट म्हणजे प्रेमाच्या कादंबऱ्या. साध्याही, आणि दुसऱ्या प्रकारच्याही, ज्यात नायक दोनशे वर्षांपूर्वी मेलेला असतो किंवा पौर्णिमेला त्याचं जनावर होतं. आमच्या तांड्यावर बाया कापूस वेचून आल्या की मी वाचून दाखवतो. एकदा पौर्णिमेला वाघ होणारा नायक वाचत होतो. लालीबाई मध्येच म्हणाली, "वाघ होते तं पोरीनं वनखात्याले कळवलं काहून नाही?" मी म्हटलं, "काकी, तिचं प्रेम आहे त्याच्यावर." तर म्हणे, "असन. पण बकऱ्या कोनं मोजल्या?" आमच्याकडे वाघ खरेच येतात हो, त्यामुळे तिचा मुद्दा बरोबर होता. आणि माझ्या याडीला प्रत्येक श्रीमंत नायकाबद्दल एकच प्रश्न: "एवढा मोठा बंगला झाडते कोन?"

हसा. पण एका कादंबरीत त्रेसष्टाव्या पानावर नायक नायिकेला विचारतो, "तुला काय हवं आहे?" एवढंच. मी पुढे गेलो, तर याडी म्हणाली, "थांब. ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. चाळिशी-पन्नाशीच्या बाया. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला असेल? मी तरी याडीला कधी विचारला होता?

कमलाकरराव, विषयाला धरूनच बोलतो आहे. इथूनच विषय सुरू होतो.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीने एक ठराव केला. तो बाहेर फळ्यावर लागला आहे. नऊ वर्षांत सातव्या कपाटातलं एकही पुस्तक वाचकांनी नेल्याची नोंद नाही, सबब ते कपाट निर्लेखित करावं, म्हणजे रद्दीत काढावं. सोमवारी गाडी येणार आहे. त्याच ठरावात दुसरं कलम आहे: महिला वाचकांची पाककृतींच्या पुस्तकांना प्रचंड मागणी दिसते, सबब अशी चाळीस पुस्तकं नवीन घ्यावीत.

अध्यक्ष महाराज, आपल्या वाचनालयात पाककृतींची पुस्तकं किती आहेत? मी मोजली. चार. आणि त्यातलं एक लोणच्यांचं आहे.

नऊ वर्षांपूर्वी एक सासरे देवघेवीचं रजिस्टर उघडून उभे राहिले, आपली सून काय नेते ते बघायला. दुसऱ्या दिवसापासून ती सून आली नाही. मग पद्मजाबाईंनी सातव्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, वर फक्त आकडा टाकला, आणि रजिस्टरमध्ये पुस्तकाच्या नावाच्या जागी लिहायला लागल्या: पाककृती, भाग सतरा. पाककृती, भाग तीस. रजिस्टर चाळणारे खूश. पोरगी सुगरण निघणार! मीसुद्धा तशीच सही करत आलो. कुकरवाला पाककृती वाचतो, यात कोणाला काय वावगं वाटणार?

बाईंनी वाचणाऱ्यांना झाकलं, आणि त्या झाकणापायी आता पुस्तकंच चालली. कागदावर ती कोणी वाचलीच नाहीत.

काल मी बाईंना म्हटलं, हे मी उद्या सांगणार. त्या म्हणाल्या, "रजिस्टरातल्या एका जरी बाईचं नाव घेतलंस ना ओम, तर माझ्याच निरोपातून तुला खाली ओढीन." नाही घेत, बाई. एकच नाव घेतो. भाग सतरा, तीस, एकतीस, बावन्न, आणि असे एकंदर एकशे चार. वाचक: ओम भीमसिंग राठोड. या सगळ्या प्रेमाच्या कादंबऱ्या होत्या, मी त्या वाचल्या, काही दोनदा वाचल्या, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मागे हसणारे राजकुमारभाऊ, तुम्ही कायले हसून राह्यले? या वाचायला, पुस्तक देतो.

माझी विनंती एकच आहे. ठराव मागे घ्या. एक वाचक पुरत नसेल तर...

याडी? तू कायले उठली?

ती म्हणते आहे, "मले वाचता येत नाही, पन मी ऐकल्या. माह्यं नाव लिहा."

लिहा साहेब. धनीबाई राठोड. आणि त्या मागे कोण? अंगणवाडीच्या पुष्पाताई. मी काही बोललो नाही हं बाई, त्या आपणहून उठल्या आहेत. बसू नका ताई, उभ्याच राहा. केतकीवहिनी... लालीबाई... अध्यक्ष महाराज, मी मोजत नाही. माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही. तुम्ही मोजा.

काय म्हणालात? ठराव पुढच्या सभेत फेरविचाराला ठेवता? फार आभारी आहे. पण गाडी सोमवारी आहे आणि सभा महिनाअखेर. गाडीला आज, इथूनच फोन करा. मी थांबतो. एका जागी थांबायची सवय नाही, पण आज थांबतो.

झाला फोन. ऐकलं सगळ्यांनी.

बाई, चार्ज देण्याआधी रजिस्टरमध्ये शेवटची नोंद तुमच्या हाताने करा. पुस्तक वाघाचंच द्या, याडीला त्याचा शेवट पुन्हा ऐकायचा आहे. आणि आज पाककृती लिहू नका. खरं नाव लिहा: 'चांदण्यातला पट्टेरी'. वाचक, धनीबाई. सही म्हणून तिचा अंगठा चालेल ना?

पाचाची वीस मिनिटं झाली. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, साहेबांनी चहा थंड होऊ दिला, तुम्ही उभे राहिलात, सगळ्यांचे उपकार. पद्मजाबाई, तुमच्यामुळे मी एका ठिकाणी परत परत येणारा माणूस झालो. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राहून गेला असेल, काही वावगं निघालं असेल, तर पोटात घाला. नाहीच जमलं, तर माझ्या नावावर टाका. या रजिस्टरात आजपासून तशी सोय आहे.